बाप्तिस्मा : पाण्याचा की मनाचा?

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे बाप्तिस्म्याचा उल्लेख हटकून होतो, आणि बहुतेक वेळा हेटाळणीच्या सुरात होतो. पाण्यात बुडवलं, नाव बदललं, झाला माणूस तिकडचा! जळगाव-धुळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर असं बोलणाऱ्यांत आपली मुस्लिम मंडळीही असतात, याचं मला वाईट वाटतं. आपल्याबद्दल ऐकीव गोष्टी बोलल्या की आपल्याला किती लागतं! मग दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलण्याआधी त्यांच्या ग्रंथात काय आहे, एवढं तरी पाहायला नको का?

सुरुवात आपल्या ओळखीच्या नावापासून करू. हजरत याह्या अलैहिस्सलाम यांना ख्रिस्ती लोक बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात. यार्देन नदीत ते लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत. लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात लोक त्यांना विचारतात, आता आम्ही काय करावं? उत्तर अगदी रोखठोक आहे. दोन अंगरखे असणाऱ्याने ज्याच्याकडे नाही त्याला एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने दमदाटी करून पैसे उकळू नयेत. नाव बदला, पोशाख बदला, असं काही नाही. आपण ज्याला तौबा म्हणतो, तीच ही गोष्ट.

पुढे योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक मोठा धर्मपंडित रात्रीच्या वेळी येशूंकडे येतो. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही, हे ऐकून तो गोंधळतो. म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाणार? येशू त्याला पाण्याने आणि आत्म्याने होणाऱ्या जन्माबद्दल सांगतात. मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात, 'पुन्हा' आणि 'वरून'. भाषेचा शिक्षक म्हणून एक सांगतो, इथे मराठीतला 'पुनर्जन्म' हा शब्द वापरला की घोटाळा होतो. मेल्यानंतर दुसऱ्या देहात जाण्याशी याचा संबंध नाही. याच देहात, याच आयुष्यात नवं होण्याची ही गोष्ट आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल तर बाप्तिस्म्याला दफनाची उपमा देतो. पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण आणि वर येणं म्हणजे नवं जगणं.

मग विधी झाला की माणूस आपोआप बदलतो का? 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दोन माणसं आहेत. शिमोन जादूगाराने बाप्तिस्मा घेतला, तरी पवित्र आत्मा देण्याची शक्ती पैशाने विकत घ्यायला निघाला. उलट कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्यावर पवित्र आत्मा आधी उतरला, पाणी नंतर आलं. बाप्तिस्मा लहान बाळाला द्यावा की जाणत्याला, पाणी शिंपडावं की बुडवावं, विधीतूनच कृपा मिळते की तो केवळ खूण आहे, यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. पण जगण्यात बदल दिसला पाहिजे, हे सगळेच मानतात.

आपल्या मराठीत याचं मोठं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळलं. पौलाने बाप्तिस्म्याला मरण म्हटलं, ते इथे वेगळ्याच अर्थाने खरं ठरलं. घरच्यांच्या लेखी जिवंत माणूस गेल्यासारखाच होता. लक्ष्मीबाईंनी सोसलेला तो काळ 'स्मृतिचित्रे'त आहे. त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळं सोडलं नाही, अन्नपाणी वेगळंच ठेवलं. मग एके दिवशी जातीची उतरंड माणसाने रचली आहे, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाला पटलं आणि सोवळं सुटलं. बाप्तिस्मा 1900 मध्ये, त्यानंतर. मला विचाराल तर कर्नेल्याप्रमाणे लक्ष्मीबाईंचाही नवा जन्म पाण्याच्या आधी झाला होता.

खुद्द टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. बावीस वर्षांपूर्वी ज्या पाण्यासाठी त्यांनी घरदार पणाला लावलं, ते पाणी त्यांनी दाराची कडी होऊ दिलं नाही. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

मुसलमान म्हणून आपली श्रद्धा वेगळी आहे. येशूंना आपण हजरत ईसा अलैहिस्सलाम, अल्लाहचे पैगंबर मानतो. देवाचा पुत्र मानत नाही. मूल जन्मतः पापी असतं, हेही आपल्याला मान्य नाही. पण सूरह बकराच्या 138व्या आयतीत 'सिबगतल्लाह' म्हणजे अल्लाहचा रंग हा शब्द आहे. सिबग म्हणजे रंगवणं, रंगात बुडवणं. अनेक मुफस्सिरांनी या आयतीचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडला आहे. उर्दूत बाप्तिस्म्याला 'इस्तिबाग' असा जुना शब्द आहे, तोही याच धातूपासून. पाण्याच्या रंगाहून अल्लाहचा रंग श्रेष्ठ, असं आपण अभिमानाने सांगतो. मग तो रंग आपल्या व्यवहारात दिसतो का? मापात, उधारीत, बहिणीच्या वाट्यात? हजहून माणूस नवजात बाळासारखा निष्पाप होऊन परततो, असं हदीस सांगते. परतलेल्या हाजीसाहेबांना हारतुरे घालताना हे कितीजणांच्या लक्षात असतं?

खरा रोग मोजदादीचा आहे. आज अमुक इतके आले, तमुक इतके गेले, असे आकडे आणि फोटो मोबाईलवर फिरतात. कोणी आनंदाने पाठवतं, कोणी संतापाने. त्यात माणूस कुठेच नसतो. आणि याची झळ लागते लेकरांना. सातपुड्याकडच्या एखाद्या ख्रिस्ती आदिवासी मुलाला वर्गात 'तुला बुडवला का रे?' असं चिडवलं जातं, तेव्हा चिडवणाऱ्याला हे शब्द आपणच घरात शिकवलेले असतात. धर्मात जबरदस्ती नाही, हे कुरआनने आपल्याला शिकवलं आहे. टिंगल हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे.

तुमच्या वर्गात, गल्लीत, नोकरीच्या ठिकाणी कोणी ख्रिस्ती असेल, तर बाप्तिस्मा म्हणजे काय, हे त्यालाच आदराने विचारा. आपली तौबा काय असते, तेही त्याला सांगा. अल्लाह आपल्या सर्वांना खऱ्या तौबेची तौफिक देवो. आमीन.