तटाबाहेरची वस्ती

रोमन साम्राज्याचा इतिहास आपण बहुधा सम्राट, सेनापती आणि लढाया यांच्या क्रमाने वाचतो. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर सम्राट हेड्रियनने इ.स. 122 पासून उभारलेली सुमारे 117 किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्यावरचे किल्ले यांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु या सीमेवरील बहुतेक किल्ल्यांच्या दरवाजाबाहेर एक नागरी वस्तीही होती. तिला ‘व्हिकस’ म्हणत. या वस्तीला वगळून सांगितलेला किल्ल्याचा इतिहास अपुरा राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सैनिकाला रोख वेतन मिळे आणि जेथे वेतन तेथे बाजार, हा न्याय सर्वत्र सारखाच आहे. किल्ल्यातून निघणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा घरे उभी राहिली. रस्त्याकडे अरुंद दर्शनी बाजू, तेथे दुकान, भट्टी किंवा खानावळ आणि मागे लांबवर गेलेले बिऱ्हाड, अशी त्यांची रचना असे. लोहार, व्यापारी, निवृत्त सैनिक आणि सैनिकांची कुटुंबे तेथे राहत.

कुटुंबे म्हटली, तरी कायद्याच्या लेखी ती नव्हतीच. सेवेत असलेल्या सैनिकाला विधिवत विवाह करण्यास मनाई होती. ही मनाई सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. 197 च्या सुमारास उठवली, असे साधारणपणे मानले जाते. साहाय्यक दलातील परकीय सैनिकाला पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर रोमन नागरिकत्व मिळे. त्याची सहचारिणी मात्र नागरिक होत नसे. तिच्याशी झालेल्या विवाहाला तेवढी मान्यता मिळे. इ.स. 140 च्या सुमारास सेवाकाळात जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्वही बंद झाले. साम्राज्याने ज्यांच्या श्रमांवर सीमा राखली, त्यांना नोंदवहीत जागा दिली नाही.

तरीही त्यांनी आपल्या खुणा ठेवल्या. व्हिंडोलँडा येथील वस्तीच्या रहिवाशांनी अग्निदेव व्हल्कन याला वेदी अर्पण केली आणि तिच्यावर ‘व्हिंडोलँडाचे वस्तीकर’ अशी आपली सामूहिक ओळख कोरली. तेथील ओल्या मातीत टिकून राहिलेल्या हजारो चामडी पादत्राणांत स्त्रियांची व लहान मुलांचीही पादत्राणे आहेत, आणि त्यांतील काही तर किल्ल्याच्या आतही सापडली. तट होता, पण त्याच्या आतले आणि बाहेरचे जीवन एकमेकांत मिसळलेले होते. साउथ शील्ड्स येथे रेजिना नावाच्या स्त्रीचा स्मृतिशिलालेख मिळाला आहे. ती दक्षिण ब्रिटनमधील जमातीची, एकेकाळची दासी, पुढे मुक्त झालेली पत्नी. तिचा पती बॅरेटिस हा सीरियातील पाल्मायराचा. त्याने लॅटिन मजकुराखाली आपल्या मातृभाषेतील एक शोकाची ओळ कोरवून घेतली.

ही माणसे सैन्याच्या आश्रयाने जगली, त्यांचे स्वतंत्र महत्त्व काय, असा आक्षेप घेतला जातो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस हेड्रियनच्या भिंतीलगतच्या अनेक वस्त्या ओस पडल्या, हेही खरे. परंतु आश्रय एकतर्फी नव्हता. बाजार आणि कारागीर यांच्यावाचून छावणी चालत नाही. मोठ्या लष्करी तळांबाहेरील वस्तीला ‘कॅनाबे’, म्हणजे पाले, असे साधे नाव होते. आज जेथे व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि स्ट्रासबर्ग ही शहरे आहेत, तेथे अशाच पालांतून प्राचीन नगरजीवन वाढीस लागले.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. मुलांबरोबर इतिहासाचे पुस्तक उघडाल, तेव्हा किल्ला कोणी बांधला एवढ्यावर थांबू नका. त्याच्या दरवाजाबाहेर कोण राहत होते, त्यांची पादत्राणे कोण शिवत होते आणि कायद्याने कोणाला मोजले नाही, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे शोधणारी मुले इतिहासाबरोबर न्यायबुद्धीही शिकतील.