सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचलात, तर हरलात!



या आठवड्याच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या लहान मुलांच्या ड्रॅग रेसिंगचा उल्लेख केला आणि घड्याळाकडे बघून पुढे सरकलो. बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल की हा माणूस जीएसटी आणि कॉस्टिंग सोडून रेसच्या गाड्यांकडे कुठे वळला. तर बसा जरा, इथे निवांत सांगतो. मला वाटतं, नवीन धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ही गाडी कशी बांधतात हे एकदा समजून घ्यावं.

आधी खेळ काय आहे ते बघू. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता आणि दोन गाड्या. वळण नाही, फेऱ्या नाहीत. तिथल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने 1992 मध्ये मुलांसाठी 'ज्युनियर ड्रॅग रेसिंग लीग' सुरू केली. कल्पना न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्ककडून आली. मोठ्या ड्रॅगस्टरची अर्ध्या मापाची गाडी, मागे एक सिलिंडरचं, मुळात पाच हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन. आपल्याकडे छोट्या जनरेटरला असतं तसल्या जातीचं. पाच ते सतरा वर्षांची मुलंमुली ती चालवतात. अंतर एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण 201 मीटर. त्या साध्या इंजिनाला लोकांनी इतकं विकसित केलंय की मोठ्या वयोगटातली मुलं हे अंतर आठ सेकंदांच्या आत कापतात, ताशी 130 किलोमीटरच्या पुढे जातात.

आता खरी गंमत. यात जो जास्त वेगाने जातो तो जिंकतोच असं नाही. रेसच्या आधी प्रत्येक मुलाने गाडीवर आपली वेळ लिहायची, 'मी इतक्या सेकंदांत पोचणार.' याला डायल-इन म्हणतात. समजा एका मुलीने लिहिलं 10.20 आणि शेजारच्या मुलाने 9.10. मग मुलीला 1.10 सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. सुटताना दोघंही सारखीच चपळ आहेत असं धरू. मुलगी 10.23 सेकंदांत पोचली. मुलगा 9.07 मध्ये. हिशेब करा, रेषा आधी मुलानेच ओलांडली. पण तो हरला. का? त्याने 9.10 सांगितलं होतं आणि तो त्याच्या आत आला. याला ब्रेकआउट म्हणतात. स्वतःच्या शब्दापेक्षा लवकर आलात म्हणून बाद!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला 2009 चा पावसाळा आठवला. भोसरीत माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट होतं. एका पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची चार हजार खोक्यांची ऑर्डर सोमवारी द्यायची होती. आम्ही रात्रपाळी करून शुक्रवारीच टेम्पो पाठवला. मी खूश, म्हटलं साहेबांवर छाप पडेल. त्यांचं गोडाऊन भरलेलं होतं. वॉचमनने माल बाहेरच्या शेडखाली उतरवून घेतला. शनिवारी पाऊस तिरका आला. सोमवारी खालचे थर हाताला मऊ लागत होते. बिलातून अडतीस हजार कापले, वर परचेसवाले साहेब म्हणाले, "तुम्हाला लवकर कोणी बोलावलं होतं?" तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, बरोबर होतं त्यांचं. रात्रपाळीचा ओव्हरटाइम मी भरला, भिजलेला माल माझा, आणि पुढच्या ऑर्डरला ते हक्काने म्हणणार, मागच्या वेळी तर तीन दिवस आधी दिला होतात!

आता गाडी बांधण्याकडे येऊ, कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे.

हौशी बाप सगळ्यात आधी काय घेतो? इंजिन. दाखवायला तेच असतं ना. पण वयोगटाप्रमाणे वेळेची मर्यादा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने 11.90 सेकंदांच्या आत यायचंच नाही. दहा ते बारा वयाला 8.90, तेराच्या पुढे 7.90. म्हणजे आठ वर्षांच्या पोराच्या गाडीत 7.90 वालं इंजिन बसवलं, तर आधी पैसे देऊन ताकद विकत घ्यायची आणि मग तीच ताकद दाबून ठेवायला पुन्हा डोकं आणि पैसा घालायचा. शिवाय जास्त ताणलेल्या इंजिनाला देखभालही जास्त लागते.

हसू नका. आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी हेच केलं. आठवड्याला वीस किलो मसाल्याची विक्री आणि कर्ज काढून घेतला दहा हॉर्सपॉवरचा पल्व्हरायझर. थ्री फेज कनेक्शन मिळेपर्यंत मशीन ताडपत्रीखाली आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. मसाला त्या कोपऱ्यावरच्या गिरणीतूनच दळून आणत होत्या. ताई हुशार आहेत, नंतर सावरल्या. पण ते पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं.

जाणता माणूस गाडी बांधताना पैसा आधी मुलाभोवती घालतो. फ्रेम आणि रोल केज, म्हणजे डोक्याभोवतीचा नळ्यांचा पिंजरा. त्याची वेल्डिंग चांगल्या हाताची पाहिजे. मग पाच पट्ट्यांचा हार्नेस, हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून हातांचे पट्टे, मानेची कॉलर, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, आगीपासून वाचवणारं जॅकेट, ब्रेक. हार्नेसला मुदत असते, ती संपली की दिसायला नवा असला तरी बदलायचा. इथे 'चालतंय की' चालत नाही. तुमच्या धंद्यात हा भाग म्हणजे विमा, परवाने, फायर एक्स्टिंग्विशर, वायरिंग. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून आपण ते पुढच्या वर्षावर ढकलतो. मी ढकललेलं आहे, तुम्हीही ढकलत असाल.

एक गोष्ट मला या गाड्यांमध्ये फार आवडली. मूल वाढतं हे बांधणारा आधीच धरून चालतो. सीटमध्ये मुलाच्या पाठीच्या मापाचा फोम ओततात, पेडल पुढे-मागे करता येतात. मूल वाढलं की फोम काढून नवा ओतायचा, पेडल सरकवायचं. गाडी तीच राहते. पुढे मूल मावेनासं झालं की ती दुसऱ्या घरात जाते. बघा, शेड भाड्याने घेताना, सॉफ्टवेअर घेताना, आपण असा विचार करतो का? एक तर आजच्या मापाचं घट्ट घेतो, नाहीतर दहा वर्षांनंतरचं स्वप्न आजच्या भाड्यात भरतो.

आता दर वेळी तीच वेळ यायची तर काय करायचं? या गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत. सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, इंजिनाचे फेरे वाढले की तो आपोआप पकडतो. तो किती फेऱ्यांवर पकडेल हे त्यातल्या स्प्रिंग आणि वजनांनी ठरतं, आणि जाणकार पालकांचा बराच वेळ तिथेच जातो. हवा गरम झाली, दमट झाली, तर इंजिनाला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो आणि गाडी हळू पडते. सकाळची वेळ दुपारी लागू पडत नाही. म्हणून वही ठेवायची. तापमान, आर्द्रता, टायरमधली हवा, काय बदललं ते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. क्लचही बदलला, टायरची हवाही कमी केली आणि गाडी सुधारली, तर नेमकं कशाने सुधारली हे देवालाच ठाऊक.

प्रत्येक रेसनंतर एक छोटी चिठ्ठी मिळते, टाइम स्लिप. तिच्यावर नुसती शेवटची वेळ नसते. दिवा लागल्यावर सुटायला किती वेळ लागला, पहिले साठ फूट किती सेकंदांत, मध्यापर्यंत किती, सगळं वेगवेगळं. त्यामुळे कळतं की उशीर इंजिनामुळे झाला की सुरुवातीलाच चाकं घसरली. मग बाप उगाच इंजिन उघडत बसत नाही.

काही जण विचारतील, सर, मग सोपं आहे, वेळ वाढवूनच सांगायची. दहा दिवस लागतात तिथे वीस सांगा. रेसमध्येही हा प्रकार चालतो, सँडबॅगिंग म्हणतात. मुद्दाम हळू वेळ लिहायची आणि शेवटी ब्रेक दाबून नेमकं रेषेवर पोचायचं. नियमात बसवून लोक जिंकतातही. मला तो प्रकार आवडत नाही, लहान मुलांना शिकवायला तर मुळीच नाही. आपली गाडी खरी किती धावते हे त्या मुलाला कधी कळतच नाही. आणि धंद्यात तुम्ही वीस सांगितलेत की शेजारचा बारा सांगून ऑर्डर घेऊन जातो. थोडी सवड जरूर ठेवा. पावसाळा असतो, कामगार गावी जातात, गणपती येतात. पण ती सवड किती, हे वहीतून काढा. भीतीपोटी आकडा फुगवू नका.

म्हणून तुमच्यासाठी गृहपाठ. शेवटच्या दहा ऑर्डरी काढा. प्रत्येकीसमोर दोन तारखा लिहा, सांगितलेली आणि प्रत्यक्ष दिलेली. लवकर दिली असेल तर तेही लिहा, लाल पेनाने. मग त्या चिठ्ठीसारखे तुकडे पाडा: ऑर्डर पक्की झाली कधी, कच्चा माल आला कधी, काम सुरू कधी, संपलं कधी, गाडी निघाली कधी.

मी हे भोसरीच्या युनिटचं उशिरा केलं, भिजलेल्या खोक्यांनंतर दोन वर्षांनी. तोपर्यंत माझी खात्री होती की आमचं पंचिंग मशीन संथ आहे, नव्या मशीनचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं. दहापैकी सात ऑर्डरी मशीनवर दीड दिवसापेक्षा जास्त नव्हत्याच. चार-चार, पाच-पाच दिवस जात होते खोक्यावरच्या छपाईचा नमुना गिऱ्हाइकाकडून मंजूर होऊन येण्यात, कारण तो पाठवल्यावर आमच्याकडून कोणी फोनच करत नव्हतं. कोटेशन फाइलला लावलं. रोज सकाळी साडेदहाला फोन करायचं काम ऑफिसमधल्या मुलीला दिलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत.