लक्ष कुठे असतं तुझं?

दूध उतू जाणं, आमटीत दोनदा मीठ पडणं, हे कुणाच्या घरी होत नाही? पण हे रोजचंच झालं, जोडीला मन उदास, कशात गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, असं दोन आठवडे चाललं, तर मैत्रिणींनो, ते हसण्यावारी नेऊ नका.

नैराश्य म्हणजे सारखं रडू येणं, असा आपला समज. प्रत्यक्षात लक्ष न लागणं, विचार मंदावणं, साधा निर्णयही न होणं ही या आजाराचीच लक्षणं आहेत. "आज भाजी कुठली करू?" इथंच बाई अर्धा तास अडून बसते. मुलानं सांगितलेली सहलीची तारीख कानावर पडते, पण लक्षात राहत नाही. मन त्याच त्या काळज्या उगाळत असतं. दुसरं काही धरून ठेवायला जागा उरते कुठे?

वर्गात एखाद्या मुलाचं लक्ष नसलं, की आम्ही शिक्षिका विचारतो, "बरं नाही का रे? जेवलास का?" घरातल्या बाईच्या वाट्याला मात्र टोमणा येतो, आणि तीही स्वतःला बिनकामाची समजू लागते.

आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असं होतं. रक्ततपासणीत ते कळतं. नैराश्यावर गोळ्या दिल्या, तर गुण यायला काही आठवडे लागतात. त्या आपल्या मनानं बंद करू नयेत. मन हलकं झाल्यावरही विसराळूपणा काही काळ रेंगाळतो, घाबरू नये. सासूबाई गप्प-गप्प राहून विसरू लागल्या, तरी "वय झालं" म्हणून सोडू नका. उदासीमुळेही स्मरण ढासळतं, आणि उपचारानं पुष्कळदा सुधारतं.

तोवर घरात एवढं करा. आठवड्याच्या भाज्या रविवारीच वहीत लिहून ठेवा. एका वेळी एकच काम घ्या. दागिने मोडणं, नोकरी सोडणं असले निर्णय पुढे ढकला. बँकेची, बिलांची कामं यजमानांकडे सोपवा.

२०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'टेली मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं. "जगणं नकोसं झालंय" असं कुणी बोललं, तर मात्र तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.