प्रोफाइल नसलेली आरजीबी फाईल: निर्णय सॉफ्टवेअरचा की आपला?

'असाइन प्रोफाइल' कुठे असतं आणि कसं वापरायचं, ते व्हिडिओत दाखवलंय. इथे बटणांबद्दल नाही, धंद्याबद्दल बोलायचंय. कारण डीटीपी, लग्नपत्रिका, लेबल, डिजिटल प्रिंटिंग असं काही सुरू करायचं मनात असेल, तर रंगावरून होणारी भांडणं तुमच्या वाट्याला येणारच.

माझं मत सरळ आहे. फाईलमध्ये प्रोफाइल नसलेला जो जो आरजीबी घटक असेल, तो आपल्या दुकानात एसआरजीबीच धरायचा. मशीन कुठलंही असो, ऑपरेटर कुणीही असो. हा नियम कागदावर लिहून भिंतीला लावायचा. आणि त्यानंतरच सीएमवायके करायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर बघा. आरजीबी म्हणजे फक्त तीन आकडे. समजा लाल 60, हिरवा 160, निळा 70. हे आकडे म्हणजे नक्की कुठला हिरवा, हे प्रोफाइल सांगतं. दुकानात कुणी नुसतं "पाच द्या" म्हटलं, तर आपण विचारतोच ना, पाच किलो की पाच नग? प्रोफाइल म्हणजे ते एकक. एकक नसलं की समोरचा अंदाज करतो. इथे अंदाज करतं सॉफ्टवेअर.

आणि प्रत्येक कॉम्प्युटरचा अंदाज वेगळा असू शकतो, खरी गोम इथे आहे. फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्ये 'जनरल पर्पज' असेल, तर आरजीबीसाठी एसआरजीबी धरलं जातं. 'प्रीप्रेस' निवडलं, तर अडोबी आरजीबी. आपली मुलं काय करतात? "आपलं काम प्रिंटचं, मग प्रीप्रेसच बरं" म्हणून ते निवडतात. फाईल उघडताना प्रोफाइल नसल्याचा बॉक्स येतो, तो न वाचता ओके मारतात. मग तोच फोटो एका टेबलावर नॉर्मल दिसतो आणि दुसऱ्या टेबलावर नवरीचा चेहरा लालभडक, झाडं भडक हिरवी. पहिल्या वेळी छापलं एका मशीनवरून, रिपीट ऑर्डर गेली दुसऱ्यावरून. गिऱ्हाईक दोन्ही लेबलं शेजारी ठेवून विचारतं, "दादा, हे असं कसं?" उत्तर काय देणार?

मग एसआरजीबीच का? कारण आपल्याकडे येणारा बहुतेक माल तिथलाच असतो. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये हे मांडलं ते साध्या मॉनिटरसाठी आणि इंटरनेटसाठी. स्क्रीनशॉट, वेबसाइटवरून उचललेला लोगो, मोबाईल अ‍ॅपवर बनवलेलं डिझाइन, हे सगळं त्याच घरचं. अडोबी आरजीबीमध्ये मुद्दाम काम करणारा फोटोग्राफर सहसा प्रोफाइल जोडूनच फाईल देतो. म्हणजे नाव नसलेलं पाकीट बहुतेक वेळा एसआरजीबीचंच निघतं.

इथे दोन शब्दांत गोंधळ करू नका. 'असाइन' केलं की आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ ठरतो. 'कन्व्हर्ट' केलं की आकडे बदलतात, दिसणं शक्य तितकं तेच राहतं. आधी असाइन, मग कन्व्हर्ट. ज्या फाईलला प्रोफाइल आहे, तिला मात्र असाइन करायचं नाही. आयफोनचे फोटो बऱ्याचदा डिस्प्ले पी3 मध्ये असतात. त्यावर एसआरजीबी असाइन केलं, तर चांगला फोटो फिका पडतो. तिथे थेट कन्व्हर्ट.

बरेच जण म्हणतात, "कशाला डोकेफोड? सरळ सगळं सीएमवायके करून टाका, विषय संपला." मला हे पटत नाही. अंदाजावर कन्व्हर्ट केलं, की तो अंदाज फाईलमध्ये कायमचा पक्का होतो. शिवाय 'सगळं' एकसारखं नसतं. गिऱ्हाइकाच्या एकाच पीडीएफमध्ये फोटोला प्रोफाइल असतं, लोगोला नसतं आणि मजकूर वर्डमधून आलेला आरजीबी काळा असतो. त्या काळ्याला फोटोसारखंच कन्व्हर्ट केलं, तर तो चार शाईंचा होतो. अमेरिकन स्वॉप प्रोफाइलने केलं तर साधारण 75, 68, 67, 90, म्हणजे एकूण 300 टक्के शाई. मसाल्याच्या पाकिटावरची घटकांची बारीक यादी अशी छापा आणि रजिस्ट्रेशन जरासं हलू द्या. अक्षरं दुहेरी दिसतील. तो मजकूर फक्त काळ्या शाईत, 100 टक्के के, असाच हवा.

म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे:

1. अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये फाईल बघायची. कुठला घटक आरजीबी आहे आणि कुणाला प्रोफाइल नाही, ते ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये कळतं.
2. प्रोफाइल नसलेले फोटो एसआरजीबी धरायचे. स्क्रीनवर चेहरा, भाजी, आकाश विचित्र वाटलं, तर गिऱ्हाइकाकडून मूळ फाईल मागायची. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असतील, तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.
3. लोगोचा रंग अंदाजाने नाही. ब्रँडचे सीएमवायके किंवा पॅन्टोन आकडे मागायचे. नसतील तर आधीचं छापील कार्ड मागायचं.
4. काळा मजकूर वेगळा काढून फक्त के.
5. शेवटी आपल्या प्रेसच्या प्रोफाइलला कन्व्हर्ट, आणि सही घेतलेला छापील प्रूफ.

एसआरजीबी धरलं म्हणजे स्क्रीनवरचा झगझगीत केशरी किंवा पोपटी कागदावर तस्साच येईल, असं मुळीच नाही. चार शाईंची मर्यादा आहे, ती प्रूफ दाखवताना आधीच सांगा. छपाईनंतर सांगितलं तर ते कारण वाटतं.

आता हिशोब करा. समजा काम 5,000 रुपयांचं, खर्च 4,000, सुटले 1,000. रंगावरून पुन्हा छापावं लागलं, की आणखी 4,000 गेले. म्हणजे 3,000 चा तोटा. तो नुसता भरून काढायला तशीच तीन कामं फुकटात करायची. त्यापुढे फाईल तपासायला लागणारी दहा मिनिटं काहीच नाहीत. ती तुमच्या दरात धरा आणि बिलावर 'फाईल तपासणी' म्हणून दाखवा. लाजू नका.

गिऱ्हाइकाला प्रोफाइल म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही. ते कळतं म्हणूनच तो आपल्याकडे येतो. "तुमची फाईलच चुकीची होती" हे वाक्य ज्या दुकानात रोज ऐकू येतं, तिथून गिऱ्हाईक हळूहळू समोरच्या दुकानात जातं. तेव्हा आज एकच करा. दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर कलर सेटिंग उघडा आणि आरजीबीपुढे काय लिहिलंय ते एका कागदावर उतरवा. दोन वेगळी नावं निघाली, तर पुढचं भांडण कुठून येणार ते तुम्हाला आजच कळलं.