माळवदाची तुळई आणि लेकराचा पांगुळगाडा

मराठवाड्यातील शेतकरी घरात लाकडी सामान मुळातच थोडे असे, आणि जे असे त्यातील बरेचसे लहान मुलांच्या वाढीच्या उपयोगी पडणारे असे. बाळंतिणीची बाज, तुळईला टांगलेला पाळणा, जेवायचे पाट, पाण्याचे हंडे ठेवायची घडवंची आणि भिंतीतच बसवलेले दोन झडपांचे फडताळ एवढ्यावर संसार भागे. बसणे, जेवणे आणि झोपणे जमिनीलगत असल्यामुळे रांगत्या मुलालाही घरातील जवळपास प्रत्येक वस्तू हाताला लागे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ, म्हणजे 1608 साली नारायण सूर्याजी ठोसर, पुढचे समर्थ रामदास, जिथे जन्मले ते गाव, अशाच घरांच्या मुलखात येते. या मुलखातील जुनी घरे आता वेगाने उतरवली जात आहेत, आणि त्यांतून निघणाऱ्या लाकडाचे पुढे काय होते हा प्रश्न घरात लहान मूल असलेल्या प्रत्येक कुटुंबाने विचारावा इतका महत्त्वाचा आहे.

माळवद म्हणजे सपाट मातीचे छप्पर. लाकडी खांबांवर जाड तुळया, तुळयांवर आडवे सरे, त्यांवर किलच म्हणजे लहान फळकुटे दाटीने अंथरून वर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते, आणि दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत असल्याने घराचा आकारही खणांतच सांगितला जाई. उन्हाळ्यात हे घर गार राहते, परंतु दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करावी लागते. शिवाय 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड छपरे माणसांवर कोसळल्यानंतर माळवदाविषयीची धास्ती मराठवाडाभर पसरली. सिमेंटच्या छताकडे लोक वळले ते योग्यच झाले. मात्र घर पाडताना खांब, तुळया आणि सरे जळणाच्या किंवा भंगाराच्या भावाने जातात आणि त्याच आठवड्यात नव्या घरातील मुलासाठी प्लास्टिकची खुर्ची आणि भुशाच्या फळीचे कपाट विकत आणले जाते, ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

या जुन्या लाकडाचे मोल त्याच्या वयात आहे. ओले लाकूड वाळताना आकसते, पीळ खाते आणि चिरते, म्हणून नुकत्याच तोडलेल्या बाभळीचा पाट करायला घेतला तर वर्षाच्या आत त्याला भेग पडण्याची भीती असते. पन्नास-साठ उन्हाळे छपराखाली काढलेल्या सागाच्या किंवा लिंबाच्या तुळईचे आकसणे कधीच संपलेले असते. अर्थात प्रत्येक तुळई कामाची नसते. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजते ते लाकूड निरोगी समजावे, आणि बद्द आवाज आला किंवा बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा गळला तर आत वाळवीने किंवा भुंगेऱ्याने घर केले आहे असे धरून तो भाग कापून टाकावा. करवतीखाली घालण्यापूर्वी त्यातील गंजके खिळे एकूण एक उपसावे लागतात, कारण आत मोडून राहिलेला एक खिळाही यंत्राचे पाते तोडतो आणि काम करणाऱ्याच्या अंगावर उडतो.

असे लाकूड हाताळण्याची विद्या गावातच होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल शेतकऱ्याने खळ्यावर धान्याचा वाटा देण्याच्या व्यवस्थेचे, सविस्तर वर्णन आहे, आणि तीत सुताराचे स्थान वरच्या ओळीत येते. नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडी ही त्याची मुख्य कामे होती. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आल्यावर ती कामे घटली. वाकस, रंधा, पटाशी आणि गिरमिट मात्र अनेक घरांत अजून आहेत, आणि ती चालवणारे हातही आहेत. घरच्या माणसाने सगळेच स्वतः करावे असा हट्ट नको. कठीण सांधे सुताराने जोडावेत आणि कापणे, घासणे, तेल देणे ही कामे आईवडिलांनी मुलांना शेजारी घेऊन करावीत, ही वाटणी शहाणपणाची आहे.

प्रारंभ पांगुळगाड्याने करावा. दोन चाके मागे व एक पुढे, मागच्या आसावर उभी चौकट आणि चौकटीच्या माथ्यावर धरायची आडवी दांडी, एवढेच त्याचे अंग; उभे राहू लागलेले मूल दांडी धरून गाडा ढकलते आणि त्याच्यामागे पावले टाकते. यात मुलाचे वजन त्याच्या स्वतःच्या पायांवर राहते. तोल गेला तर ते खाली बसते, पुन्हा उठते, आणि किती जोर लावला की गाडा किती पुढे जातो याचा हिशेब पायांतून शिकते. बाजारातील वॉकरमध्ये मुलाला झोळीसारख्या बैठकीत अडकवलेले असते आणि चाकांमुळे ते मोठ्या माणसाला गाठता येणार नाही अशा वेगाने उंबऱ्याकडे, पायऱ्यांकडे किंवा चुलीकडे जाऊ शकते. म्हणूनच कॅनडाने 2004 साली अशा वॉकरच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तशीच बंदी मागत आली आहे. गावच्या सुताराचे जुने साधन या तुलनेत सरस ठरते. नव्या घरात त्यात एक बदल मात्र करावा लागतो: शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाडा आपोआप धिमा राहत असे, गुळगुळीत फरशीवर तो मुलाच्या हातून निसटतो, म्हणून चाके आसावर किंचित घट्ट बसवावीत आणि तळाची लाकडे वरच्या चौकटीपेक्षा जड ठेवावीत. दांडी साधारण 40 ते 45 सेंटिमीटर उंचीवर असली म्हणजे वर्षाच्या मुलाला खांदे न उचलता धरता येते.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी व लहान टेबले-खुर्च्या करून घेतल्या, आणि शिक्षणाच्या इतिहासात ती मोठी घटना मानली गेली. हा विचार गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी रुजवला; 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 1945 पासून बोर्डी येथे, पुढे कोसबाडला, ताराबाई व अनुताई वाघ यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून बालवाडी उभी करून दाखवली. महागड्या साहित्यावाचून बालशिक्षण होते हा त्यांचा आग्रह मराठी घरांनी अजून पुरता उचललेला नाही. जमिनीवर बसणाऱ्या घराला तर अर्धे साहित्य आयतेच लाभलेले आहे: तीन वर्षांच्या मुलाला स्वतः उचलून आणता येईल इतका हलका पाट, मांडी घालून बसल्यावर कोपराच्या उंचीला येणारे बैठे मेज, आणि खुर्ची हवीच असेल तर तिची बैठक जमिनीपासून एका वितीहून थोडी वर, म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर, जेणेकरून दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील. बाभळीचा जाड पाट सुंदर दिसतो, पण लेकराला तो उचलत नाही आणि पायावर पडला तर बोट ठेचतो. मुलासाठी पातळ फळीचाच करावा.

फडताळाची गोष्ट वेगळी आहे. समर्थांच्या बाळपणाची एक आख्यायिका घरोघर सांगितली जाते: आई राणूबाई शोधत असता नारायण अडगळीच्या अंधाऱ्या जागी, काही कथनांप्रमाणे फडताळात, बसलेला सापडला आणि काय करतोस असे विचारल्यावर आपण विश्वाची चिंता करीत आहोत असे त्याने सांगितले. आख्यायिकेचा आशय आध्यात्मिक आहे, परंतु मुलाला एकट्याने बसायला आडोसा लागतो हे घरगुती सत्यही तीत आहे. माळवदाच्या घरातील भिंतीतले फडताळ मूल लोंबकळले तरी उलटत नसे. आजचे उभे कपाट उलटते, कारण मूल उघड्या खणांच्या पायऱ्या करून चढते आणि सगळा भार पुढे येतो. म्हणून कपाट विकतचे असो की घरी केलेले, त्याची पाठ भिंतीला लोखंडी पट्टीने आवळलीच पाहिजे, आणि मुलाच्या आडोशासाठी बिनकडीचा, हवा खेळेल असा खालचा कप्पा मोकळा ठेवावा. पाळण्याच्या गजांबाबत अमेरिकेतील नियम गजांमधील अंतर सुमारे 6 सेंटिमीटरपेक्षा अधिक नको असा आहे. मोठ्या माणसाची चार बोटे आडवी सहज शिरत असतील तर पाळणा पुन्हा सुताराकडे न्यावा.

मुलांनी या कामात हात घालावा का, या प्रश्नाचे उत्तर जांबच्या सुपुत्रानेच एका परीने दिलेले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे. अक्षर कसे घोटावे, कागद, शाई आणि बोरू कसे सिद्ध करावेत हे त्यात तपशिलाने येते, आणि परमार्थाच्या ग्रंथात हातकामाला दिलेली ही जागा नजरेआड करता येत नाही. चार वर्षांचे मूल पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासू शकते, सहा-सात वर्षांचे हलक्या हातोडीने खिळा बसवू शकते. करवत आणि पटाशी मात्र मोठ्यांच्याच हाती असावी, आणि लाकडाची धूळ उडत असताना नाकातोंडावर फडके बांधावे.

रंगाबाबत कमालीची दक्षता हवी. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा 2017 पासून दशलक्ष भागांत 90 भाग एवढी आहे. त्यापूर्वी रंगवलेल्या जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडावर शिसे असू शकते, आणि मूल वस्तू चाटते, चावते. तो रंग कोरडा घासून काढण्याचा खटाटोप घरी करू नये, तसे लाकूड मुलाच्या वस्तूंसाठी वापरूच नये. बिनरंगाच्या तुळईला जवसाचे शुद्ध तेल पातळ लावून पुसून घेतले की ते काही दिवसांत वाळून कठीण होते. खोबरेल तसे वाळत नाही. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून उन्हात वाळवावी.

यंदा ज्यांच्या घरचे माळवद उतरणार आहे त्यांनी पाडकामाचा सौदा ठरवतानाच दोन निरोगी तुळया आणि चार सरे बाजूला काढून घ्यावेत, ते उंचावर सावलीत रचावेत, आणि घरात पाळणा हलायच्या आधी गावच्या सुताराला बोलावणे धाडावे.