बंदर वाढवा, पण गावाचा हिशोब आधी

हॉस्टेलमध्ये 'वाढवण' असं नुसतं म्हणा, लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, आता नोकऱ्याच नोकऱ्या, सिव्हिलवाल्यांची तर चांदी! दुसरी म्हणते, डहाणूचा किनारा संपला. मी बंदर व्हावं या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो. पण मित्रांनो, वाढवणवरून भांडण्याआधी एकदा न्हावा-शेव्याकडे नीट बघा. तिथे हा प्रयोग ३५ वर्षांहून जास्त चालू आहे आणि त्याचा रिझल्टही लागलाय.

मुंबईच्या जुन्या गोदीवरचा भार कमी करायला न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. (आम्ही कॉन्व्हेंटवाले. गोदी म्हणजे डॉक हे मला मेसच्या काकांनी सांगितलं. हसू नका.) २०२४-२५ मध्ये या बंदरात सुमारे ७३ लाख टीईयू कंटेनर हाताळले गेले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. सप्टेंबर २०२५ मध्ये चौथ्या टर्मिनलच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन झालं. त्या एका टर्मिनलचा धक्का आता २ किलोमीटर लांब आहे आणि क्षमता वर्षाला ४८ लाख टीईयू.

एवढं वाढवायचं कशाला? कारण जहाजं मोठी झाली. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं आणि न्हावा-शेव्याला ते गाळ उपसून मिळवावं लागतं. खोल बंदरं कमी असली की आपला बराच माल आधी लहान जहाजाने कोलंबोला किंवा सिंगापूरला जातो आणि तिथे मोठ्या जहाजावर चढतो. दोनदा चढउतार, वर दिवस वाया. हा सगळा खर्च शेवटी इथल्या कारखानदाराच्या आणि शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. हा फायद्याचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

पर्यावरणाचा फायदा म्हटलं की लोक हसतात. मी पनवेलचा, ट्रेलरच्या रांगा बघत मोठा झालो, त्यामुळे मला हसू येत नाही. मोठ्या जहाजात कंटेनरमागे इंधन कमी जळतं, हे एक. दुसरं म्हणजे रेल्वे. दादरी ते न्हावा-शेवा असा मालगाड्यांचा जो स्वतंत्र १५०६ किलोमीटरचा मार्ग आखलाय, त्यावर विजेच्या इंजिनावर दुमजली कंटेनरगाड्या चालतात. ४५ वाघिणींच्या अशा एका गाडीत १८० टीईयू बसतात. एका ट्रेलरवर दोन धरा, म्हणजे रस्त्यावरचे ९० ट्रेलर कमी. पण धक्का वाढला आणि रेल्वे मागे राहिली, तर तेच ट्रेलर दुप्पट होणार. तेव्हा याला 'पर्यावरणपूरक' वगैरे म्हणू नका, प्लीज.

आता गावाचा फायदा. इथेच सगळं अडतं.

उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन केलं. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. आणि बंदरासाठी जमिनी दिलेल्यांच्या हातात त्याची पत्रं कधी पडली? ऑगस्ट २०१४ मध्ये! तीस वर्षं! ज्याच्या नावावर जमीन होती तो म्हातारा तोपर्यंत थांबतो का? शेव्याच्या कोळ्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेऊन बसवलं, तर तिथल्या घरांना वाळवी लागली. भरावाने खाडीचं पाणी अडलं, खारफुटी गेली, मासळी गेली. म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. भागाकार करा, कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार होतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्याची ही किंमत, आणि तीही कोर्टकचेरी करून.

माझा रूममेट डहाणूकडचा. तो म्हणतो, "तुझं बंदर देशाला पोसतं रे, पण माझ्या काकाला कोण पोसणार?" यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते सरकारने द्यायचं आहे. वाढवणला पाण्याची नैसर्गिक खोली सुमारे २० मीटर आहे, म्हणून ती जागा निवडली. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. यात ७४ टक्के भागीदारी न्हावा-शेव्याच्याच प्राधिकरणाची. म्हणजे नवशिके कोणी नाहीत, मागचा पेपर यांनीच सोडवलाय.

तर मग भराव कुठवर जाईल याचा नकाशा जसा आधी काढतात, तशी बोटींची, जाळ्यांची आणि वर्षभराच्या मासळीची नोंद आधी घ्या. पापलेट किती, बोंबील किती, सुकट किती, सगळं लिहा. नंतर 'इथे मासळी होतीच कुठे' असं म्हणायला कोणाला तोंड राहू नये. मासळी विकणाऱ्या बायकांची वेगळी यादी करा, कारण बोट नवऱ्याच्या नावावर असते. आणि क्रेन चालवायचं शिक्षण पहिला धक्का बांधून व्हायच्या आत गावात सुरू करा, नाहीतर गावच्या पोरांना वॉचमनची शिट्टीच मिळणार.

ही नोंद आपणही घेऊ शकतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी हाच विषय मागणार आहे. पार्टनर हवाय. बोटीत उलटी न होणारा असेल तर फारच उत्तम.