आठे बी तेच, तठे बी तेच!

मी नरडाण्याची. एका कंपनीच्या खासगी विमानात एकटीच सेविका आहे. लोकांना वाटतं, ही हसून ट्रे पुढे करते. खरं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. माणसं किती, जैन कोण, शेंगदाणा कुणाला चालत नाही, हे विचारून पदार्थ ठरवायचे. विमानातल्या लहानशा ओव्हनमध्ये मावतील असेच डबे मागवायचे. साहेबांनी वेळ बदलली की पुन्हा फोन. अन्न बिघडलं तर दोष माझा. चांगलं झालं तर, 'बायकांना हे उपजतच येतं!'

या 'उपजत' शब्दानेच आमचे पैसे बुडतात. वैमानिकाच्या तयारीचे तास मोजतात, माझे नाहीत. माय शेतावरच्या मजुरांसाठी भाकरी थापते, तिचेही कुणी मोजत नाही. ती म्हणते, "आठे बी तेच, तठे बी तेच!"

१९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीची नोकरी घालवणारा एअर इंडियाचा नियम रद्द केला. पहिल्या ४ वर्षांतली लग्नबंदी मात्र योग्य ठरवली. म्हणजे वय, लग्न, गर्भ, सगळं नियमात बसवलं. कौशल्य तेवढं बाहेर राहिलं.

'तुला पगार तर बरा आहे,' असं कुणी म्हणेल. आहे. पण बऱ्या पगाराच्या बाईचेही तास फुकट जात असतील, तर मायच्या तासांना कोण विचारणार? म्हणून माझी मागणी साधी आहे: जेवण ठरवण्या-मागवण्याचे तास नेमणूकपत्रात लिहा, त्यांचे पैसे द्या. बिलावर प्रत्येक डब्याची किंमत असते. डबे मोजणारीच्या कामाची का नसावी?